खासनीसांचे स्नायू

हे सांगून कुणाला पटणार नाही, आणि पटावं असा आग्रहही नाही. पण विश्रांतवाडीच्या मधुमालती सोसायटीत शरच्चंद्र खासनीस नावाचे एक सेवानिवृत्त गृहस्थ एका रविवारी चौतीस किलोंनी वाढले, मग काही दिवसांत पैलवान झाले, आणि पैलवानकी अंगी मुरते न मुरते तोच निम्मे उरले. एवढं सगळं होऊन त्यांच्या विजारीचा पट्टा आपला नेहमीच्याच भोकात होता. डॉक्टर लोकांना विचाराल तर ते म्हणतील, असं होत नाही. पण डॉक्टर लोकांचा आणि विश्रांतवाडीचा संबंध तो किती?

सुरुवात झाली एका वजनकाट्यानं.

खासनीसांची एकुलती एक मुलगी नीरजा खराडीला एका कंपनीत आहे आणि राहतेही तिथेच. खराडी ते विश्रांतवाडी अंतर तसं काहीच नाही. पण पुण्यात अंतर किलोमीटरांत मोजत नाहीत, 'सध्या फार गडबड आहे' यात मोजतात, आणि त्या मापानं खराडी नागपूरच्याही पलीकडे येते. तर वडिलांच्या वाढदिवसाला नीरजाला यायला जमलं नाही. तिच्याऐवजी एक खोका आला. खोक्यात काचेचा एक चपटा चौकोन होता. खासनीसांनी तो दिवाणखान्यात नेऊन भिंतीला टेकवला आणि ही तसबीर असेल तर चित्र कुठल्या बाजूला, म्हणून मागून-पुढून पाहत बसले.

संध्याकाळी फोन आला.

“बाबा, तो वजनकाटा आहे. नुसतं वजन नाही सांगत. अंगात चरबी किती, स्नायू किती, पाणी किती, सगळं सांगतो. अनवाणी उभं राहायचं. आकडे आपोआप माझ्या मोबाइलवर येतात.”

“तुझ्या? काट्यावर उभा मी राहायचं ना?”

“हो. म्हणजे मला लक्ष ठेवता येईल.”

'लक्ष ठेवता येईल' हे शब्द खासनीसांनी फोन ठेवल्यावर बराच वेळ जिभेवर घोळवले. बायको, सुहासिनीबाई, गेल्यापासून त्या घरात त्यांच्यावर लक्ष ठेवणारं कुणी उरलं नव्हतं. एक दूधवाला होता, पण तोही हल्ली कडीला पिशवी अडकवून जातो, बेल वाजवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून, देवाला नमस्कार करून, खासनीस काट्यावर चढले. काट्यानं थोडा विचार केला आणि निकाल दिला: चरबी भरपूर, स्नायू कमी, शरीराचं वय एक्क्याऐंशी. खासनीस सदुसष्टचे. टेलिफोन खात्यात त्यांची उभी हयात गेली, पण खात्यानं कधी वेळेवर बढती दिली नव्हती. या काट्यानं चौदा वर्षांची बढती उभ्याउभ्या दिली. त्यांना हा अपमान फार लागला. एक्क्याऐंशीचा माणूस म्हणजे त्यांचे वडीलबंधू. आणि ते तर केव्हाच वारले होते.

अपमान झाला की पुणेकर माणूस आधी जेवण सोडतो. खासनीसांनी सोडलं. सकाळी ताक, दुपारी काकडी, रात्री काकडीची आठवण. पोटात असे काही आवाज व्हायला लागले, की खालच्या मजल्यावरच्या मथुराबाईंनी वर येऊन विचारलं, “फर्निचर सरकवताय का?” पण वजन उतरलं. खासनीस विजयी वीरासारखे फोनची वाट पाहत बसले आणि फोन आलाही.

“बाबा, उपाशी राहिलात का?”

“छे! बेतानं जेवतोय.”

“चरबी तेवढीच आहे. स्नायू गेलेत.”

“कुठे गेले?”

“शरीरानं खाल्ले.”

“कुणाच्या?”

“तुमच्याच, बाबा! खाणं एकदम तोडलं की शरीर स्नायू मोडून खायला लागतं. चरबी घालवायची आणि स्नायू राखायचे, तर खायला लागतं. पण प्रथिनं खायला लागतात.”

खासनीसांना आपल्या शरीराचा एवढा राग कधी आला नव्हता. घरात लाकडं रचून ठेवलेली, आणि हा शहाणा दाराची चौकट काढून चुलीत घालतोय! पण नीरजा पुढे बोलत होती. पोळ्या कमी, उसळ जास्त. प्रत्येक जेवणात डाळ नाहीतर पनीर नाहीतर दही. सकाळी अंड्याचं पांढरं. पिवळं नको. आणि रोज काहीतरी जड उचलायचं, म्हणजे शरीराला कळतं की स्नायू कामात आहेत, हे मोडायचे नाहीत. पांढऱ्या-पिवळ्याची ती चर्चा सुहासिनीबाईंच्या पाठीमागे त्या घरात झालेली सगळ्यात लांब चर्चा होती. नीरजानं आता ठेवते म्हटल्यावर खासनीस म्हणाले, “आणि मुगाचं काय?” मुगाबद्दल त्यांना काहीही शंका नव्हती.

आता अंड्यांचं असं होतं. खासनीसांच्या घरात अंडं कधी शिरलं नाही असं नाही. पण सुहासिनीबाईंचा दंडक होता, की ते बाल्कनीत, वेगळ्या पातेल्यात, रॉकेलच्या स्टोव्हवर उकडायचं आणि बाल्कनीतच खायचं. थंडीत नीरजा आणि तिचे वडील शाली पांघरून बाल्कनीत अंडी खात, आणि सुहासिनीबाई काचेच्या आतून दोघांकडे अशा पाहत, की जणू गाडी सुटतेय आणि ही दोघं निरोप द्यायला आलीत. आता हरकत घेणारं कुणी नव्हतं. स्वयंपाकघर मोकळं, गॅसची शेगडी मोकळी. तरी खासनीसांनी माळ्यावरचं ते पातेलं काढलं, बाल्कनीत विजेची शेगडी मांडली आणि अंडी तिथेच उकडली. आत उकडून पाहावं असं एकदा वाटलं होतं. पण मग बाल्कनीत शाल पांघरून बसायला काही कारण उरलं नसतं.

पांढरं पोटात गेलं. पिवळ्याचं काय करायचं? टाकायचं? खासनीसांच्या पिढीत टाकणं हे क्रियापद फक्त नकारातच चालायचं, म्हणजे पोळीचा पाव तुकडाही 'पानात टाकायचा नाही' एवढ्यापुरतं. त्यांनी पिवळे बलक वाटीत घातले आणि समोरच्या दारावर टकटक केली. समोर दादामियाँ आणि सुगराबी. दादामियाँचं पूर्वी कॅम्पात मसाल्याचं दुकान होतं. आता ते मुलाकडे दिलेलं आणि स्वतः दिवसभर आरामखुर्चीला दिलेले. माणूस असा भरदार, की लिफ्टमध्ये ते शिरले की आतली माणसं आपणहून जिन्यानं जात.

सुगराबींनी बलक घेतले. दुसऱ्या दिवशी वाटी परत आली. रिकामं भांडं परत करायचं नसतं हे त्यांच्या घरातही पाळतात. वाटीत त्याच बलकांचा हलवा होता. वर तूप, तुपावर साखर, साखरेवर पिस्ते. खासनीसांनी हलवा सोडणं म्हणजे सुगराबींचा अपमान, म्हणून खाल्ला. वाटी रिकामी परत कशी करायची, म्हणून तिच्यात पुन्हा बलक घातले. असं ते चक्र सुरू झालं. सकाळी बाल्कनीत पांढरं खाऊन खासनीस जी चरबी घालवत, ती संध्याकाळी तुपात न्हाऊन, पिस्ते लावून, समोरच्या दारातून घरी परत येई.

“भाभी, थोडं तूप कमी घातलंत तर...” एकदा ते चाचरत म्हणाले.

“कमीच घातलं, भाईसाब,” सुगराबी म्हणाल्या. “तुमचं पथ्य आहे ना.”

उचलायचं जड म्हणून त्यांनी पाण्याचे दोन कॅन निवडले. दोन हातांत दोन कॅन घेऊन ते जिना चढायचे आणि उतरायचे. चढताना भेटणारा प्रत्येक जण विचारी, “लिफ्ट बंद आहे का?” आणि उतरताना भेटणारा विचारी, “वर पाणी जास्त झालं का?” मथुराबाई दारात उभ्या राहून सल्ला देत. मथुराबाई अंगानं म्हणजे वाळत घातलेली ओढणी.

“खासनीस, उगीच हमाली करू नका. जेवणाआधी कढत पाणी घ्या. मी आयुष्यभर तेच करत आले.”

“तुमचं वजन किती हो, मथुराबाई?”

“मोजलं नाही कधी. वारा सुटला की खिडक्या लावून घेते, झालं.”

सोसायटीचे सेक्रेटरी जयसिंग शेलार. हे मूळचे धायरीचे, धायरी गाव होतं तेव्हाचे. तरुणपणी तालमीत घुमलेले आणि अजूनही मानेला वळण नसलेले. त्यांनी जिन्यात गाठलं.

“काका, स्नायू काय असा पाण्यानं येतोय व्हय? बदाम खावा, जोर मारा. आन् दुसरं, सोसायटीचा जिना तुम्ही वापरताय रोज, त्याचा अर्ज द्या.”

“जिना वापरायला अर्ज?”

“ये-जा करायला नाही. पण तुम्ही कुठं जात नाही. नुसतं वर जाऊन खाली येताय. म्हणजे वापर वेगळा झाला की!”

खासनीसांनी अर्ज दिला. 'हेतू' या रकान्यात 'स्नायू' असं लिहिलं. कमिटीनं तो परत पाठवून विचारलं, हा हेतू निवासी समजायचा की व्यावसायिक? त्यावर दोन बैठका झाल्या. एका सभासदानं मत मांडलं, की आज एकाला स्नायूंची परवानगी दिली तर उद्या सगळेच मागतील. शेवटी कॅनमधून पाणी सांडणार नाही या अटीवर परवानगी मिळाली, आणि सोसायटीच्या इतिहासात पहिल्यांदा कुणाचे तरी स्नायू बहुमतानं मंजूर झाले.

आता गंमत अशी, की एवढे अडथळे येऊनही उसळीनं, अंड्यांनी आणि कॅननी आपलं काम केलं. खासनीसांनी हलव्याचं तूप दुसऱ्या वाटीत निथळायची युक्ती शोधली. चरबी हळूहळू उतरली, स्नायू जागच्या जागी राहिले, काट्यानं वयात सूट द्यायला सुरुवात केली. एक्क्याऐंशीचे पंचाहत्तर झाले, पंचाहत्तरचे सत्तर.

आणि नीरजाचे फोन बंद झाले.

त्यात तिची काही चूक नव्हती. आकडे चांगले होते, बोलायचं कशावर? रोज सकाळी खासनीस काट्यावरून उतरले, की थोड्या वेळानं मोबाइल टिंग करी आणि त्यावर नीरजाकडून एक पिवळा अंगठा येई. बस. ते तो अंगठा पाहत, मग चहा ठेवत. चहा झाला की पुन्हा पाहत. अंगठा तसाच असे.

आपण फोन करावा, तर खासनीस टेलिफोन खात्यातले. ट्रंक कॉलच्या जमान्यात त्यांनी घरात नियम घातला होता, की फोन निरोपासाठी असतो, गप्पांसाठी नाही. शाळकरी नीरजा मैत्रिणीशी बोलत बसली की ते मागे उभं राहून विचारत, “काम काय आहे?” पोरगी हुशार, शिकवलेलं विसरली नाही. आता खासनीस रिसीव्हर उचलत, 'काम काय आहे' असं स्वतःला विचारत आणि उत्तर न सापडून खाली ठेवत. एकदा गॅसच्या पुस्तकाचा नंबर विचारायला केला. तिनं नंबर सांगितला. संपलं काम.

अशा एका रविवारी दादामियाँ वाटी न्यायला आले आणि त्यांची नजर काट्यावर गेली.

“हेच ते यंत्र? मी उभा राहू?”

“राहा की. चपला काढून.”

दादामियाँ उभे राहिले. काच कण्हली. काट्यानं नेहमीपेक्षा बराच जास्त विचार केला आणि आकडा दिला. दादामियाँ “या अल्ला” म्हणून खाली उतरतात न उतरतात तोच फोन वाजला.

“बाबा! काय खाल्लंत? एका रात्रीत चौतीस किलो?”

खासनीसांच्या तोंडाशी खरं आलं होतं. शेजारी उभे होते म्हणून सांगितलं की संपलं. फार तर ती हसली असती. पण तिच्या आवाजात काळजी होती, अगदी ताजी, कढईतून काढलेली. ते म्हणाले, “पाणी साठलं असेल गं.”

मग नीरजा पाण्याबद्दल बोलली. मिठाबद्दल बोलली. झोप लागते का विचारलं. पायांवर सूज आहे का विचारलं. खासनीसांनी पाय लांब करून पाहिले आणि विचारपूर्वक म्हणाले, “डाव्यावर थोडी वाटते.” मग डाव्या पायाबद्दल बोलणं झालं. आईच्या पायांनाही सूज यायची, आठवतं का, ती म्हणाली. आणि मग दोघं सुहासिनीबाईंबद्दल बोलली. फोन ठेवला तेव्हा खासनीसांचा कान लाल झाला होता.

दादामियाँ वाटी हातात धरून अजून तिथेच होते. जाताना दारात वळून एवढंच म्हणाले, “खासनीससाहेब, लागलं तर हाक मारा. आपल्याला काय, उभंच तर राहायचंय.”

खासनीसांनी एकदम हाक मारली नाही. माणसाला लाज असते. पण आठवडा अंगठ्यांत गेला, आणि नेमके जयसिंग शेलार चौकशीला आले, की हे नवीन यंत्र सोसायटीच्या मीटरवर चालतं का.

“बॅटरीवर चालतं,” खासनीस म्हणाले. “पण तुम्ही स्वतः तपासलेलं बरं. अनवाणी उभे राहा.”

सेक्रेटरी कर्तव्यबुद्धीनं उभे राहिले. फोन आला.

“बाबा, स्नायू दुप्पट झालेत! शरीराचं वय अडतीस! तुम्ही माझ्या वयाचे झालात!”

त्या दिवशी नीरजा इतकी हसली, की खासनीसही हसले, आणि घरात दोन माणसं हसण्याचा आवाज झाला. जयसिंग काट्याखाली वाकून मीटरची वायर शोधत होते.

त्यानंतरचा आठवडा पुन्हा अंगठ्यांचा गेला, आणि मग मथुराबाई कढत पाण्याची किटली घेऊन वर आल्या. खासनीस म्हणाले, “मथुराबाई, एकदा मोजून तर टाका.” मथुराबाई “इश्श, या वयात?” म्हणून चढल्या. काट्याला आधी वर कुणी आहे हेच कळेना. मग त्यानं एकोणचाळीस किलो आकडा दाखवला. खासनीस फोनशेजारी खुर्ची ओढून, घसा साफ करून बसले.

फोन वाजला नाही.

चहाची वेळ झाली, वाजला नाही. काटा बिघडला असेल म्हणून त्यांनी पालथा करून पाहिला. आता एकोणचाळीस किलोंनीही मुलगी विरघळत नसेल तर माणसानं आणखी किती बारीक व्हायचं, असा विचार करत त्यांनी मटकीची उसळ गरम केली, पान घेतलं आणि पहिला घास उचलला, तोच दाराची बेल वाजली. दारात नीरजा. ऑफिसचं कार्ड गळ्यात तसंच, केस विस्कटलेले, धापा टाकत. लिफ्टची वाटही पाहिली नव्हती.

तिनं त्यांना आपादमस्तक पाहिलं. पुढून पाहिलं, बाजूनं पाहिलं. खासनीस तेवढेच होते. झाले असतील तर थोडे लाल झाले होते.

“बाबा,” ती पर्स न ठेवता म्हणाली, “सकाळी तुम्ही एकोणचाळीस किलोंचे होतात.”

“होतो,” खासनीस म्हणाले. खोटं बोलायला हा सगळ्यात सोपा शब्द असतो.

“आणि मागे एकशे आठ.”

“त्याचं असं झालं,” खासनीसांनी खुर्ची सरकवून दिली, “त्या रविवारी सोसायटीची टाकी धुतली होती. धुतल्यावर पहिलं पाणी जड येतं. मी आपला दोन तांबे प्यायलो.”

नीरजानं पर्स खाली ठेवली. “आणि स्नायू?”

“शेलारांनी जोर मारायला सांगितले. मारले.”

“किती?”

“मोजतो कोण? मथुराबाईंच्या छताचा पंखा बंद असून फिरायला लागला, तेव्हा त्यांनी खालून ओरडून थांबवलं.”

“मग आज निम्मे कसे झालात?”

“आज नुसतं पांढरं खाल्लं ना, पिवळं बिलकुल नाही. असं हलकं वाटायला लागलं, की काट्यावर टेकून राहायला खिडकीचा गज धरावा लागला. तरी बोटभर वर तरंगतच होतो. काटा मोजणार कसा? मग ही उसळ खाल्ली, तेव्हा जागेवर आलो.”

नीरजाच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. तिनं स्वयंपाकघरातून ताट आणलं, त्यांच्या समोर बसली आणि उसळ वाढून घेतली. “मग?” म्हणाली.

खासनीसांना इतका चांगला श्रोता कित्येक दिवसांत मिळाला नव्हता. ते सांगत गेले. कमिटीनं स्नायू बहुमतानं मंजूर केल्याचं सांगितलं, जे खरं होतं, आणि तिला तेवढंच खोटं वाटलं. इतक्यात दार ढकलून दादामियाँ अनवाणी आत आले.

“खासनीससाहेब, फार दिवसांत हाक नाही. म्हटलं आज उभा राहून घेतो...” आणि नीरजा दिसल्यावर ते काट्याच्या अलीकडे एका पायावर थबकले. “राहून घेतो जरा दारातच. हवा चांगली आहे.”

“या ना काका, बसा,” नीरजा म्हणाली. “उभं कशाला राहायचं?” हे म्हणताना तिनं एकदा त्यांच्याकडे आणि एकदा काट्याकडे पाहिलं. दादामियाँना तेवढ्यात गॅसवर काहीतरी ठेवल्याचं आठवलं.

मग बाप-लेक बराच वेळ जेवत बसली. नीरजानं आणखी उसळ घेतली. खासनीसांनी तिला बाल्कनीत अंडं उकडून दिलं. तिनं पिवळ्यासकट खाल्लं. मध्ये तिचा मोबाइल वाजत होता, ती पाहत होती आणि पालथा घालत होती. शेवटी तो थांबेचना, तेव्हा तिनं ताट उचललं, हात धुतले, पर्स खांद्याला लावली.

“निघू का, बाबा?”

“निघ की,” खासनीस टेबल पुसत म्हणाले. टेबल स्वच्छच होतं. “अगं, माझं काय, माझा दिवस कसा जातो तो मला कळतसुद्धा नाही. सारखं कुणी ना कुणी असतं. तू आलीस, बरं वाटलं. पण एवढ्या लांबून येण्याची खरं तर काही गरज नव्हती.”

नीरजा दारापर्यंत गेली होती. ती थांबली. तिनं पर्स खांद्यावरून काढून पुन्हा खुर्चीवर ठेवली.

“बाबा,” ती म्हणाली, “तुम्ही तरंगलात ते मी मानलं. पण ही मात्र थाप मारलीत.”